पावणेसहा इंचाची पोळी

“...पण जागा आहे ना तुमच्याकडे?” मुरलीधर खैरेने तिसऱ्यांदा विचारलं.

चिमणनाथबाबा डब्यातल्या वांग्याच्या भाजीचं मीठ चाखून बघत होते. सत्तरी ओलांडलेल्या या नाथपंथी गोसाव्याला कमी ऐकू यायचं. पण डब्याचं झाकण उघडलेलं त्यांना मठाच्या मागच्या अंगणातूनही ऐकू येई.

“जागा?” बाबा म्हणाले. “खूप हाये. त्यो कोपरा हाये, घोंगडी हाये. वरून गळतं, पण एकाच ठिकाणी गळतं.”

“मग मला दीक्षा द्या. कान फाडा, कुंडलं घाला. मी इथंच राहतो.”

“कान फाडायला काय, घटकाभर पुरती. त्या कानांनी ऐकायला जन्म जातो.”

...

खैरेला असल्या उत्तरांचा संताप यायचा. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं त्याने माल तपासला होता. तिथं माल एक तर पास होतो, नाही तर नापास. मधलं काही नसतं. एखादा दांडा केसभर जाड निघाला की खैरे त्यावर लाल खडूची फुली मारायचा, आणि मग साक्षात ब्रह्मदेव आला तरी तो दांडा गाडीवर चढत नसे. सगळा कारखाना त्या फुलीला वचकून होता.

मग एका सोमवारी सकाळी फाटकावर त्याचं कार्ड चालेना.

त्याने ते शर्टाला पुसलं आणि पुन्हा लावलं. पुन्हा लाल दिवा. रोज सलाम ठोकणारा रखवालदार नजर चुकवत म्हणाला, “साहेब, जरा बाजूला उभे राहा. मागच्यांना जाऊ द्या.”

मागचे गेले. बावीस वर्षं बरोबरीने चहा प्यायलेले गेले. कुणी वळून पाहिलं, बहुतेकांनी नाही. तासाभराने आतून एक पाकीट आलं, आणि एका पिशवीत त्याची पाण्याची बाटली आणि कारखान्यात घालायच्या चपला आल्या. माल तपासायला कॅमेऱ्याचं यंत्र आणलं होतं म्हणे. ते मिनिटाला चाळीस दांडे बघतं आणि त्याला चहाची सुट्टी लागत नाही.

त्या दिवशी खैरे घरी गेला तो नेहमीच्या वेळेला, संध्याकाळी, रिकामा डबा घेऊन. बायकोने, रंजनाने, विचारलं, “कसा गेला दिवस?”

“नेहमीसारखा,” तो म्हणाला.

बोलून गेला खरा, पण तो एक शब्द त्याच्या मानगुटीवर बसला. तो निभावायला दुसऱ्या दिवशी पुन्हा गणवेश घालावा लागला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. घरात दोघंच, लेक लग्न होऊन गेलेली. कंपनीने शेवटी हातावर ठेवलेल्या रकमेतून तो पहिल्या तारखेला ‘पगार’ आणून देई. सकाळी सातला डबा घेऊन निघायचं, साडेपाचला परतायचं, आणि मधला दिवस कुठं तरी पुरून टाकायचा. अडीच महिने झाले होते.

काम शोधलं नाही असं नव्हे. पहिले तीन आठवडे तो वसाहतीतली फाटकं हिंडला. खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, हातात कागदांची फाईल, चालण्यात साहेबी.

“वय?”

“सत्तेचाळीस.”

“कॉम्प्युटर येतो?”

...

“जागा नाही, साहेब. दुसरीकडे बघा.”

अकरा फाटकं झाली, शब्द तेच. फक्त एका लहानशा वर्कशॉपमध्ये जागा निघाली. मालक खैरेच्या जावयाच्या वयाचा होता. दांडे उचलायचे, रॉकेलमध्ये धुवायचे, पुसून ठेवायचे, असं हेल्परचं काम तो देत होता.

“मी तपासनीस आहे,” खैरे म्हणाला.

“असाल की, काका,” तो म्हणाला. तसं त्यात वाईट काहीच नव्हतं.

खैरे तिथून उठला. मान मोडेल पण वाकणार नाही, अशा जातीचा माणूस. पण तो ‘काका’ काही त्याच्या घशाखाली उतरेना.

अकराव्या फाटकावरून परत फिरला तेव्हा तो घराच्या दिशेने न जाता टेकडी चढला. टेकडीच्या मागे दगडाची जुनी, बंद पडलेली खाण आहे. तिच्या कडेला तो उभा राहिला. किती वेळ, ते त्यालाही सांगता येणार नाही.

मागून एका म्हाताऱ्या गोसाव्याचा आवाज आला.

“उडी मारायची असंल तर मार बाबा. पण डबा ठिवून जा. भाजी कसली हाये?”

“मेथीची,” खैरेच्या तोंडून निघून गेलं.

ज्याला भाजी कसली ते सांगावं लागतं, त्याला मग उडी मारणं अवघड जातं. खैरे मागे फिरला. जवळच्या मठाच्या ओट्यावर बसून दोघांनी डबा खाल्ला. खाता खाता खैरेने अकरा फाटकांवरचं ते एकच उत्तर बाबांना शब्दशः ऐकवलं. दुसऱ्या दिवशी तो आपणहून आला. तिसऱ्या दिवशी बाबा डब्याची वाट बघत बसलेले होते. तेव्हापासून हाच त्याचा कारखाना आणि हीच त्याची पाळी.

आणि आज त्याने दीक्षा मागितली होती. विचार करून मागितली होती. नोकरी गेलेला माणूस घरी तोंड कसं दाखवणार? पण भगवी वस्त्रं घातलेल्या माणसाच्या पायावर लोक डोकं ठेवतात. सांगायचं काही उरत नाही, कुणी विचारतही नाही. ही युक्ती सुचली त्या दिवशी खैरे अडीच महिन्यांत पहिल्यांदा नीट झोपला होता. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्यासारखा हुशार कुणी नसतो.

“पट्टी काढ,” बाबा म्हणाले.

“कसली पट्टी?”

“खिशातली. ही पोळी मोज.”

“बाबा, मी दीक्षेचं विचारतोय.”

“मी पोळीचं सांगतोय.”

खैरेने पट्टी काढली. डब्यातली पोळी झाकणावर पसरली आणि मधून पट्टी धरली.

“पावणेसहा इंच.”

“ही?”

“पावणेसहा.”

“आन् तिसरी?”

“पावणेसहा. सुताचाही फरक नाही.” सांगताना खैरेच्या आवाजात कितीतरी दिवसांनी साहेब डोकावला. हात अजून शाबूत होते, नजर शाबूत होती. त्याला बरं वाटलं.

“पास का नापास?”

“पास. तिन्ही एकदम पास.”

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. बघण्यात रागही नव्हता, चेष्टाही नव्हती.

“बावीस वर्सं केलंस हे काम?”

“बावीस.”

“हं...” बाबांनी पोळीचा तुकडा मोडला आणि भाजीला लावला. “दीक्षा देतो. पण आमच्यात एक रीत हाये. पहिली भिक्षा आपल्याच घरची. अंगाला राख फासायची, झोळी घ्यायची, आपल्या दारात उभं ऱ्हायचं आन् अलख म्हनायचं. घरच्या मानसानं आपल्या हातानं झोळीत घातलं, का त्यो सुटला. मंग त्याला कुनी अडवत न्हाई.”

“माझ्या घरी?” खैरेने पट्टी खिशात घातली. “पण तिला ठाऊकच नाहीये, की माझी...”

“काय ठाऊक न्हाई?”

...

“मंग व्हईल की ठाऊक,” म्हणून बाबांनी डबा पुसून काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खैरेने कंपनीचा गणवेश मठातल्या खुंटीला टांगला, छाटी गुंडाळली, कपाळाला आणि गालांना राख फासली. आरसा मठात नव्हता, ते बरंच झालं. झोळी घेऊन तो उतरला आणि आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला.

तिथं शिंप्याचं दुकान आहे. शिंप्याने मान वर केली. बस्स, तेवढंच. खैरेचे पाय आपोआप वळले.

तो चालत राहिला. दोन कोसांवरच्या एका वस्तीत गेला. तिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. एका दारात त्याने अलख म्हटलं. एका बाईने भाकरी घातली. दुसऱ्या दारात कांदा आणि मूठभर डाळ मिळाली. तिसऱ्या घरची म्हातारी त्याच्या पाया पडली. त्याला कुणी वय विचारलं नाही. कॉम्प्युटर येतो का, विचारलं नाही. खैरेला वाटलं, अरे, हे तर फारच सोपं आहे.

दुपारी त्याने भरली झोळी बाबांपुढे ठेवली.

“कुनाच्या घरची?”

“घरची,” खैरे म्हणाला. खोटं बोलण्याचा आता चांगला सराव झाला होता.

बाबांनी झोळीतून बाजरीची भाकरी काढली. उलटीपालटी करून पाहिली.

“तुझ्या घरी भाकरी पुन्हा कवा सुरू झाली?”

“पुन्हा म्हणजे?”

“दीड महिना झाला. डब्यात भाकरी दिसली न्हाई. रोज पोळी. सकाळी नुसती शेकून घातलेली, आदल्या दिवसाची पोळी.”

खैरे उभ्या जागी गार पडला. खोटं पकडलं गेलं म्हणून नव्हे.

त्याच्या घरात भाकरीच असायची. लग्न झाल्यापासून डब्यात बाजरीची भाकरी. रंजनाची भाकरी कधी एका मापाची नसे. एक मोठी, एक लहान, एकीचा काठ जाड, एकीला फोड. लग्नाच्या पहिल्या वर्षी खैरेने थट्टेने एका वाकड्या भाकरीवर चटणीची फुली काढली होती. “साहेब,” ती म्हणाली होती, “नापास माल परत घेत नाही आम्ही. मुकाट खायचा.” त्याने मुकाट खाल्ला होता.

ती भाकरी डब्यातून गेली आणि त्याला कळलंही नाही. कळलं होतं, पण वाटलं होतं, लाड करतेय. नवरा कमावतोय, म्हणून गव्हाची पोळी देतेय. विचारलं मात्र नाही. आपण काही विचारलं तर तीही काही विचारेल, या भीतीने त्याने अडीच महिन्यांत घरात एक प्रश्न विचारला नव्हता.

“का बंद झाली भाकरी?” बाबांनी विचारलं.

“...विचारलं नाही.”

बाबांनी झोळी उचलली आणि अंगणातल्या शेळ्यांपुढे रिकामी केली. शेळ्यांना काही रीतभात नसते. त्यांनी सगळं खाल्लं.

“उद्या,” बाबा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी खैरे पुन्हा राख फासून निघाला. शिंप्याने मान वर केली, खैरेने खाली घातली आणि तो गल्लीत शिरला. सकाळचे अकरा वाजले होते. या वेळी आपली गल्ली कशी दिसते ते त्याने बावीस वर्षांत रविवार सोडून कधी पाहिलं नव्हतं.

त्याच्या दाराला कुलूप होतं.

बंद दारापुढे तो थोडा वेळ उभा राहिला. मग रीत म्हणून हलक्या आवाजात म्हणाला, “अलख.”

शेजारच्या ओट्यावर पगारेमावशी मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. त्यांनी राख फासलेल्या गोसाव्याकडे पाहिलं, आणि त्यांना गोसावीच दिसला.

“घरात न्हाई कुनी, बाबा. पुढं जा,” त्या म्हणाल्या. “रंजी मेसवर गेलीया. पोळ्या लाटायला.”

खैरेने नुसती मान हलवली. बोलला असता तर आवाज ओळखला गेला असता. पण मावशींना बोलायला समोरच्याची गरज लागत नसे.

“काय करनार बिचारी. मालकाची नोकरी गेली. अडीच महिनं झालं.” मावशींनी आवाज उगीच खाली आणला. “पन त्याला वाटतं, कुनालाच ठाऊक न्हाई. रोज कपडे घालून जातो, बाबा, कामाला! आन् ती डबा भरून देती. अख्ख्या गल्लीला म्हाइती हाये, पन कुनी चकार शब्द काढत न्हाई. तिनंच समद्यांपुढं हात जोडलेत. म्हनली, त्यांच्यासमोर बोलू नका, त्यांना सोसायचं न्हाई.”

त्या हसल्या. मग त्यांचं त्यांनाच ते हसणं बरं वाटलं नसावं, कारण त्यांनी खाली बघून भराभरा मिरच्या खुडायला सुरुवात केली.

“त्यो गल्लीतून निघाला ना सकाळी, का शिंपीसुदिक म्हनतो, काय खैरेसाहेब, निघाले का ड्यूटीला? ... चांगला मानूस हाये पन. नुसता ताठ.”

खैरेला तिथं धरणी दुभंगून पोटात घेती तर बरं, असं झालं. रोज सकाळी शिंप्याला तो हात वर करून ‘हो’ म्हणत असे. अडीच महिने सगळी गल्ली त्याला सांभाळत होती, आणि तो समजत होता की आपण सगळ्यांना फसवतोय.

मेस वसाहतीच्या मागच्या रस्त्याला आहे. पत्र्याची लांब शेड. तिथून कारखान्यांना जेवण जातं. खैरेच्या कारखान्यालाही तिथूनच जायचं. मागच्या दाराशी वाफ आणि धूर होता. आत आठ बायका ओळीने बसलेल्या. प्रत्येकीपुढे पोळपाट, शेजारी तवा, आणि प्रत्येक पोळपाटावर खिळ्याने कोरलेलं एक गोल माप. त्या गोलाबाहेर पोळी जायची नाही, आत राहायची नाही.

खैरेने ते गोल दारातून पाहिले. पट्टी लावायची गरज पडली नाही.

ओळीच्या टोकाला एक मुकादमीण उभी होती. तयार पोळ्या चाळत होती, वाकडी निघाली की बाजूच्या टोपलीत भिरकावत होती. तिचा हात फार सराईत होता. खैरेला तो हात चांगला ओळखीचा वाटला.

ओळीत तिसरी रंजना होती.

त्याने अलख म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिने वर पाहिलं. लग्न झाल्यापासून जिने ज्याचे शर्ट धुतले, तिला राखेने कोण फसवणार? तिच्या हातातलं लाटणं थांबलं.

“रंजना, गोसाव्याकडं काय बघतीस? तव्यावरची करपली तुझी!” मुकादमीण ओरडली.

रंजनाने तव्यावरची उचलली, ढिगावरची एक उचलली आणि ती दारात आली. तिच्या मनगटापर्यंत पीठ होतं. कपाळावर भाजल्याचा एक लहानसा डाग होता. तोही त्याने आजच पाहिला.

“कधीपासून ठाऊक आहे तुला?” त्याने विचारलं.

“दुसऱ्या आठवड्यापासून.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. तुमच्या शर्टाला तेलाचा वास येईना झाला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले. रोज थांबले.” ती दाराच्या चौकटीकडे बघत होती. “मग भीती वाटायला लागली. मी विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही परतच आला नाहीत तर? म्हणून म्हटलं, डबा नेतायत ना, मग येतील. डबा द्यायला तरी येतील.”

खैरेला खाण आठवली. त्या दिवशी हातात डबा होता, हेही आठवलं.

तिने आता त्याच्याकडे नीट पाहिलं. छाटीकडे, राखेकडे, झोळीकडे.

“जाताय का?” तिने विचारलं.

त्याला हो म्हणता येईना, आणि नाहीही म्हणता येईना. ती उत्तरासाठी थांबली. तिला थांबायची सवय होती. मग तिने दोन्ही पोळ्या आपल्या हाताने झोळीत घातल्या.

“इथं भांडी घासायला माणूस हवाय,” ती म्हणाली. “गडीमाणूसही चालतो म्हणतात. जागा आहे.” जरा थांबून ती पुढे म्हणाली, “आणि जायचंच असेल, तर डबा तेवढा आणून द्या. एकच आहे घरात.”

ती आत गेली. तिच्या मागोमाग मुकादमिणीचा आवाज आला, “दोन पोळ्या तुझ्या वाट्यातून वजा!” आणि लाटण्यांचा आवाज पुन्हा एकसारखा सुरू झाला.

टेकडी चढायला खैरेला सगळी दुपार लागली. वाटेत खाणीच्या कडेला तो थांबला. खाली पाणी साठलेलं होतं, हिरवं, हलत नव्हतं. तो बराच वेळ तिथं उभा राहिला. या वेळी मागून कुणी भाजी कसली ते विचारलं नाही.

रीतीप्रमाणे तो सुटला होता. घरच्या माणसाने आपल्या हाताने झोळीत घातलं होतं. त्याला आता कुणी अडवणार नव्हतं.

त्याने झोळीत हात घालून पाहिला. एक पोळी अजून कोमट होती. हात तसाच झोळीत ठेवून तो मठाकडे चालू लागला.

बाबा ओट्यावर बसले होते. सूर्य वसाहतीच्या धुराड्यांमागे चालला होता.

“घातली?”

“घातली.”

“आपल्या हातानं?”

“हो.”

“मोज.”

खैरेने पहिली पोळी ओट्यावर पसरली. पट्टी काढली. “पावणेसहा,” तो म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता.

“दुसरी?”

ती तव्यावरची होती. लाटणं थांबलं तेव्हा ती तव्यावर होती, आणि उलटायला कुणी नव्हतं. एका बाजूने ती करपून काळी पडली होती, दुसऱ्या बाजूने आखडली होती. घाईने उचलताना मधोमध बोटं रुतली होती. खैरेने तिच्यावर पट्टी आडवी धरली. मग उभी धरली. मग तिरकी धरली.

“किती?”

“बाबा... हिला कुठून मोजू?”

“पास का नापास, तेवढं सांग.”

खैरे रडला. नोकरी गेली त्या दिवशी तो रडला नव्हता, खाणीच्या कडेला रडला नव्हता. आता ओट्यावर बसून, पट्टी हातात धरून, मोठ्याने रडला. त्याला लाज वाटली नाही. बाबांनी त्याला रडू दिलं. त्यांनी पावणेसहा इंचाची पोळी घेतली आणि बिनदातांच्या तोंडाने, कोरडीच, सावकाश खाल्ली.

मग खुंटीवरून कंपनीचा गणवेश काढला आणि खैरेच्या मांडीवर टाकला. सकाळचा रिकामा डबा आणला. करपलेली पोळी घडी करून आत ठेवली, झाकण लावलं, आणि डबा गणवेशावर ठेवला.

खाली दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला. खैरेच्या पायांत अजून तो भोंगा होता. ते नकळत सरसावले आणि थांबले. उतार समोर होता. उताराखाली शिंप्याचं दुकान होतं, पगारेमावशी होत्या, मेसचं मागचं दार होतं. आता त्या सगळ्यांपुढून, राख पुसलेल्या तोंडाने, ज्यांना सगळं ठाऊक आहे त्यांच्यामधून, नोकरी गेलेला माणूस म्हणून जायचं होतं. त्याची हिंमत होईना.

“बाबा,” तो म्हणाला, “रीत तर पुरी झाली. भिक्षा आणली मी. तुम्ही म्हणाला होता...”

आणि तो उठून आत गेला, घोंगडीच्या कोपऱ्याकडे.

बाबाही उठले. त्यांचे गुडघे वाजले. ते खैरेला ओलांडून पुढे झाले आणि त्या कोपऱ्यात घोंगडीवर आडवे पडले. काटकुळा म्हातारा, पण त्यांनी हात पसरले, पाय फाकले, आणि जेवढा भरेल तेवढा कोपरा भरून टाकला.

“बाबा, मग मी कुठं...?”

चिमणनाथांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला अहो-जाहो केलं. डोळे मिटलेलेच होते.

“जागा नाही, साहेब. दुसरीकडे बघा.”